जुनीं मासिकें व शब्दगणनेचे आलेख : एक परीक्षण

१

जुन्या नियतकालिकांच्या अभ्यासास अलीकडे एक नवें साधन लाभलें आहे. मासिकांच्या अंकांचीं प्रकाशचित्रें संगणकांत सांठवावयाचीं, त्या चित्रांवरून यंत्राकडून अक्षरें वाचवून घ्यावयाचीं, आणि अशा रीतीनें तयार झालेला पाठ गणनेच्या साधनाच्या स्वाधीन करावयाचा, अशी ही रीति आहे. साधन क्षणार्धांत सर्व शब्द मोजतें व त्या मोजणीचें चित्र काढून दाखवितें. अधिक वेळां आलेला शब्द मोठ्या अक्षरांत व कमी वेळां आलेला लहान अक्षरांत मांडून केलेला शब्दांचा पुंजका, म्हणजे शब्दमेघ, हा एक प्रकार. वर्षानुवर्षे एकाद्या शब्दाचें प्रमाण कसें चढलें अगर उतरलें हें दाखविणारी रेषा, हा दुसरा. प्रत्येक शब्द त्याच्या मागच्या-पुढच्या चार शब्दांसह ओळीनें लावणारी संदर्भसूची, हा तिसरा. स्टेफान सिंक्लेअर व जेफ्री रॉकवेल या कॅनडांतील दोन विद्वानांनीं रचलेल्या ‘व्हॉयंट टूल्स’ या साधनांत हे तिन्ही प्रकार एकत्र पाहावयास मिळतात, व तें कोणासही विनामूल्य वापरतां येतें.

या साधनाचा निषेध करावा असा आमचा हेतु नाहीं. तसेंच त्याच्या झगमगाटानें दिपून जावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. इतिहाससंशोधनांत कोणतेंही साधन पुढें आलें कीं त्याची प्रामाण्याची कोटि आधीं ठरवावी लागते. अस्सल कागद, त्याची नक्कल, समकालीन बखर, उत्तरकालीन बखर आणि दंतकथा यांस आपण एका पंक्तीस बसवीत नाहीं. मग शब्दांच्या आलेखास कोणत्या पंक्तीस बसवावयाचें? प्रस्तुत परीक्षणाचा प्रश्न एवढाच आहे. तो केवळ कुतूहलाचा नाहीं. आलेख पाहून भाषेविषयीं व समाजाविषयीं सिद्धांत मांडले जाऊं लागले आहेत, आणि यंत्रानें पाठ उतरून घेतला म्हणजे मूळ अंकांची जागा कशास अडवावी, हा विचार कोणाही ग्रंथपालाच्या मनांत येण्याजोगा आहे.

२

मोजणी आपणांस नवी नाहीं. शौनकाच्या नांवावर चालत आलेल्या अनुक्रमणींत ऋग्वेदाच्या ऋचा, पदें व अक्षरें यांची गणना केलेली आहे. परंतु त्या गणनेचा हेतु ध्यानांत घेण्यासारखा आहे. वेदांत कोणता शब्द किती वेळां आला यावरून ऋषींचें मन ओळखावें, असा तो नव्हता. एकही अक्षर गळूं नये व एकही नवें शिरूं नये, हा होता. ज्ञानेश्वरीची गोष्टही तशीच. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, या वर्षीं एकनाथमहाराजांनीं निरनिराळ्या प्रती पाहून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ओव्यांच्या संख्येचा आणि शब्दांचा विचार त्यानंतरचा. आधीं पाठशुद्धि, मग गणना, हा आपल्या परंपरेचा क्रम आहे. पूर्वींचे लोक पाठाच्या रक्षणासाठीं मोजीत. नव्या साधनाच्या हातीं मात्र बहुधा असा पाठ येतो कीं ज्याचें रक्षण कोणींच केलेलें नाहीं. आमच्या सर्व आक्षेपांचें मूळ येथें आहे.

अक्षरें वाचणारें यंत्र हा एक प्रकारचा लेखनिकच होय. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस लेखकप्रमाद परिचयाचे आहेत: ‘प’चा ‘ष’ होतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, दोन ओळींच्या शेवटीं एकच शब्द असला तर मधली ओळ गळते. परंतु पोथी उतरणारा मनुष्य निदान भाषा जाणत असे. अर्थ जुळेना तर थांबत असे. यंत्र थांबत नाहीं, व त्याची चूक हजारों पृष्ठांवर एकाच रीतीनें होते. इंग्रजीचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथांत ‘स’ या वर्णाची एक लांबट आकृति छापीत. ती ‘फ’च्या इंग्रजी आकृतीशीं फार जुळते. गूगलनें २०१० सालीं छापील ग्रंथांतील शब्दांच्या रेषा काढून देणारें साधन लोकांपुढें ठेविलें, तेव्हां त्यांतील जुन्या भागांत ‘बेस्ट’च्या ठिकाणीं ‘बेफ्ट’ असे विचित्र शब्द विपुल दिसूं लागले, आणि १८०० च्या सुमारास ते एकाएकीं नाहींसे झाल्यासारखे दिसले. भाषेंत कांहींएक घडलें नव्हतें. छापखान्यांनीं एक खिळा सोडून दुसरा घेतला होता.

शिळाछापाच्या बाबतींत अडचण याहून मोठी आहे. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं छापलेलें पंचांग शिळाछापाचें आहे. त्या पद्धतीच्या मुद्रणांतील अक्षरें खिळ्यांचीं नसून लेखनिकाच्या हातचीं असतात. खिळ्यांची अक्षरें वाचावयास शिकविलेल्या यंत्रापुढें तीं ठेवणें म्हणजे मोडी न जाणणाऱ्या कारकुनापुढें दप्तर टाकण्यासारखें आहे.

३

आतां मराठीची कसोटी लावूं. समजा, एकाद्या अभ्यासकानें १९०० पासून २००० पर्यंतचीं मराठी मासिकें एकत्र करून ‘नाहीं’ व ‘नाही’ या दोन रूपांच्या रेषा काढल्या. पहिली रेषा पुष्कळ वर्षें उंच राहून पुढें खालीं येईल, दुसरी त्याच सुमारास वर चढेल. मराठी न जाणणारा मनुष्य म्हणेल कीं, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर महाराष्ट्रांत एक नकार लोपला आणि दुसरा जन्मास आला. वस्तुतः १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य झाले व उच्चारांत न उरलेले व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गाळण्यांत आले, इतकाच त्याचा अर्थ. त्यापूर्वींही कित्येक लेखकांनीं हे अनुस्वार सोडले होतेच. तेव्हां ही रेषा मराठी मनाचा इतिहास सांगत नाहीं. मुद्रितें तपासणाऱ्यांची संवय केव्हां पालटली, हें सांगते. तेंही जाणण्यासारखें आहे, परंतु तें तेंच आहे असें समजून घेतलें तर.

यावर कोणी म्हणेल, मोजण्यापूर्वीं सर्व अनुस्वार पुसून टाकावे. तसें केल्यास दुसरें नुकसान होतें. जुन्या लेखनांत ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष, आणि ‘तें’ म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तु. ‘केले’ व ‘केलें’ यांत वचन आणि लिंग यांचा भेद आहे. ‘आम्ही’ प्रथमेचें रूप, ‘आम्हीं’ तृतीयेचें. अनुस्वार पुसला कीं हे सर्व भेद बुजतात, आणि पुन्हां मूळ पृष्ठ पाहिल्यावांचून ते परत मिळत नाहींत. शिवाय अनुस्वार हा शिरोरेघेवरील एक बारीक ठिपका. झिजलेला खिळा तो गाळतो. कागदावरचा डाग अगर कसरीनें पाडलेलें छिद्र तो नसलेल्या जागीं निर्माण करतें. ज्या चिन्हावर व्याकरण अवलंबून आहे तेंच चिन्ह यंत्राच्या दृष्टीला सर्वांत दुर्बळ, अशी ही स्थिति आहे.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. इंग्रजींत नामाचीं रूपें थोडीं. मराठींत ‘पेशवा’ हा शब्द पेशव्यानें, पेशव्यास, पेशव्यांचा, पेशव्यांकडून अशा अनेक रूपांनीं येतो, आणि साधन प्रत्येक रूप निराळा शब्द म्हणून मोजतें. त्यामुळें शब्दमेघांत अव्ययें मोठीं दिसतात व ज्या नामांवर लेखाचा सारा भार आहे तीं विखरून लहान होतात. प्रत्यय तोडावयास यंत्रास शिकवितां येतें. परंतु ‘घरांत’ यांतील प्रत्यय तोडणारा नियम आंधळेपणानें लावला तर ‘प्रांत’ आणि ‘शांत’ यांचींही शेपटें तुटतात.

तिसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. शब्द कोठें सुरू होतो व कोठें संपतो याची व्याख्या पुष्कळ आज्ञावलींत रोमन लिपीकडे पाहून केलेली असते. पायथन या संगणकभाषेंतील नेहमींचें सूत्र जसेंच्या तसें देवनागरीस लावलें, तर काना, मात्रा, वेलांटी व हलन्ताचें चिन्ह यांस तें अक्षरांत धरीत नाहीं. तेथें शब्द तुटतो. ‘किल्ला’ या शब्दाचे क, ल, ल असे तीन तुकडे होतात. आणि एकाक्षरी तुकडे सोडून देण्याची रूढि असल्यामुळें संबंध शब्दच मोजणींतून नाहींसा होतो. ‘गड’ या शब्दास मात्र काना-मात्रा नसल्यानें तो धक्का न लागतां राहतो. अशा मोजणीवरून कोणी असें अनुमान काढील कीं, अमुक मासिकाच्या लेखकांस गड ठाऊक होते पण किल्ले ठाऊक नव्हते! हें विनोदासाठीं लिहिलेलें नाहीं. सूत्र न तपासतां वापरलें तर हाच परिणाम होतो.

चौथी गोष्ट गाळणीची. ‘आणि’, ‘व’, ‘तो’, ‘आम्ही’ असे शब्द सर्वत्र येतात, म्हणून मोजणीपूर्वीं त्यांची यादी करून ते वगळण्याची चाल आहे. आतां विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची निबंधमाला घ्या. १८७४ ते १८८१ या अवधींत तिचे ८४ अंक निघाले, आणि ती प्रायः एकट्या शास्त्रीबोवांच्या लेखणींतून उतरली. तींतील ‘आम्ही’ म्हणजे कोण? कधीं एकटा ग्रंथकार, कधीं मराठी लिहिणारे विद्वान्, कधीं इंग्रजी राज्याखालीं आलेले सर्व एतद्देशीय. हा एक शब्द कोणत्या अर्थावरून कोणत्या अर्थावर जातो, यांत त्या काळच्या मतपरिवर्तनाचा बराच भाग सांठविला आहे. गाळणीच्या यादींत हाच शब्द पहिल्या दहांत असणार!

४

हे दोष यंत्र सुधारलें म्हणजे कमी होतील. परंतु पुढचा आक्षेप यंत्राच्या सुधारणेनें जाण्यासारखा नाहीं, कारण तो मासिक या वस्तूच्या स्वरूपाविषयींच आहे. ग्रंथ एका कर्त्याचा असतो. मासिक हा मेळावा असतो. त्यांत संपादक, पत्रलेखक, कवि, भाषांतरकार, जाहिरातदार आणि शंभर वर्षांपूर्वीं वारलेला बखरकार हे सर्व एका पुठ्ठ्यांत बसलेले असतात.

काव्येतिहाससंग्रहाचें उदाहरण आमच्या वाचकांस सहज पटेल. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनीं १८७८ सालीं सुरू केलेल्या या मासिकांत जुनी कविता, बखरी आणि मराठेशाहींतील पत्रें-यादी छापून येत. त्याच्या अंकांवर १८७८ व पुढील सालें आहेत. आंतील पुष्कळसे शब्द त्याहून शंभर-दीडशें वर्षांनीं जुने आहेत. मासिकाच्या सालावरून रेषा काढली तर ‘मुलूख’, ‘सरंजाम’, ‘फौज’ हे शब्द १८७८ नंतर जोरानें वर आलेले दिसतील, आणि फारशी शब्दांचें मराठींत पुनरुज्जीवन झालें असा भास होईल. पुनरुज्जीवन झालें खरें. पण तें फारशी शब्दांचें नव्हे, इतिहासाच्या साधनांविषयींच्या आस्थेचें. आलेख दोहोंतील भेद दाखवीत नाहीं. तो भेद संग्रहाचा एक अंक हातीं घेऊन पाहणाऱ्यास पहिल्याच पृष्ठावर दिसतो.

विविधज्ञानविस्तार हें १८६७ सालीं निघालेलें मासिक. त्यांत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. मराठींतील ऐतिहासिक कादंबरीची ती सुरुवात समजतात. तिचीं प्रकरणें येत असतां शिवकालीन शब्दांचें प्रमाण वाढणारच. यावरून त्या सालीं महाराष्ट्राचें लक्ष शिवकालाकडे वळलें असें म्हणावें, कीं एका लेखकाचें वळलें असें म्हणावें? उत्तर देण्यास कादंबरीचीं पृष्ठें वेगळीं काढून उरलेल्या पृष्ठांची मोजणी निराळी केली पाहिजे; व तीं वेगळीं काढण्यास तीं आधीं वाचलीं पाहिजेत.

बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पणाचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजीं निघाला. त्याच्या पृष्ठावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व एक मराठी. मनुष्याचा डोळा स्तंभ धरून खालीं उतरतो. यंत्रास स्तंभांची सीमा कळली नाहीं तर तें आडवें वाचीत जातें, आणि अर्धी ओळ इंग्रजी व अर्धी मराठी असा पाठ तयार होतो. शब्दांची संख्या त्यानें फारशी बिघडत नाहीं, पण कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारीं होता ही माहिती सर्वस्वीं नासते. आणि संदर्भसूचीचा आधार तर तीच माहिती.

परदेशांतही हाच अनुभव आहे. मार्गारेट अँडरसन यांनीं १९१४ सालीं शिकागो येथें सुरू केलेलें ‘द लिटल रिव्ह्यू’ हें मासिक पाहा. १९१८ ते १९२० या सालांत त्यांत जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी क्रमशः येत होती, व तिच्यामुळें १९२१ सालीं चालिकांवर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांस दंड झाला. तेवढ्या वर्षांच्या अंकांचा शब्दमेघ काढल्यास तो मासिकाचा असेल कीं एका विलक्षण कादंबरीचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. त्याच मासिकाचा सप्टेंबर १९१६ चा अंक याहून बोधप्रद आहे. छापण्यायोग्य मजकूर मिळाला नाहीं म्हणून संपादिकेनें त्या अंकांतील कित्येक पृष्ठें कोरींच सोडलीं. त्या मासिकाच्या इतिहासांतील हें एक अत्यंत बोलकें संपादकीय. पण शब्द मोजणाऱ्या साधनास कोरें पृष्ठ म्हणजे शून्य; आणि शून्याचा मेघ निघत नाहीं.

५

कोऱ्या पृष्ठावरून मुखपृष्ठाची आठवण होते. संग्राहकांस ठाऊकच आहे कीं, वर्षअखेर अंक बांधावयास देतांना मुखपृष्ठें, मलपृष्ठें व जाहिरातींचीं रंगीत पानें काढून टाकण्याची चाल होती. ग्रंथालयांतून आढळणारे बांधीव खंड पुष्कळदां असे सोललेले असतात. अंकाची किंमत, वर्गणीदारांस सूचना, पोंच, पुस्तकांच्या व औषधांच्या जाहिराती, छापखान्याचा पत्ता, अंक उशीरां निघाल्याबद्दल क्षमायाचना, ही माहिती बहुधा याच पानांवर असते. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत १९९५ सालीं आरंभिलेल्या नियतकालिकांच्या योजनेशीं संबंध असलेले शॉन लेथम व रॉबर्ट शोल्स यांनीं २००६ सालीं नेमकी हीच तक्रार मांडली: जाहिराती कापून बांधलेल्या खंडांवरून केलेल्या संग्रहांत मोठें भगदाड असतें, आणि तें भगदाड दिसत नाहीं हाच त्याचा धोका. मोजणी करणारें साधन जें हातीं आलें त्यालाच पूर्ण समजतें. फाटक्या दप्तराकडे पाहून संशोधकास कोणता कागद गहाळ आहे याची शंका तरी येते. चकचकीत आलेखाकडे पाहून ती येत नाहीं.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर न बांधलेले, मुखपृष्ठांसह असे सुटे अंक पडून आहेत, त्यांनीं ते रद्दी समजूं नयेत. विद्यापीठाच्या बांधीव खंडापेक्षां तेच अधिक अस्सल आहेत.

६

इतके दोष सांगितल्यावर गुण न सांगणें अन्यायाचें होईल. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांतील रिचमंडच्या ‘डेली डिस्पॅच’ या पत्रावर तेथील विद्यापीठांत झालेलें काम पाहण्यासारखें आहे. १८६० च्या अखेरीपासून १८६५ पर्यंतच्या अंकांतील मजकुराचे विषयवार गट यंत्रानें पाडले, तेव्हां पळालेल्या गुलामांचा शोध करणाऱ्या जाहिरातींचा एक गट स्पष्ट वेगळा निघाला, आणि युद्धाच्या गतीबरोबर त्यांची संख्या कशी हालत होती हें दिसून आलें. रोजच्या अंकांतून विखुरलेल्या त्या बारीक जाहिराती एका मनुष्यानें हातानें वेंचावयाच्या म्हटल्या तर वर्षें लागलीं असतीं. येथें यश येण्याचें कारणही उघड आहे: या जाहिराती ठराविक शब्दांत लिहिलेल्या असत, आणि प्रश्न शब्दांच्या अर्थाचा नसून त्यांच्या संख्येचा होता.

आमच्या मतें या साधनांत सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे सर्वांत साधी दिसणारी संदर्भसूची. शब्दमेघ निष्कर्ष सांगण्याचा आव आणतो. संदर्भसूची केवळ स्थळें दाखविते. निबंधमालेंतील ‘आम्ही’चीं सर्व स्थळें ओळीनें पुढें आलीं तर अभ्यासक एकेक ओळ वाचून प्रत्येकीचा अर्थ ठरवील, आणि सालवार मांडील. तेथें यंत्र हमालाचें काम करतें, निर्णय मनुष्य करतो. हा श्रमविभाग योग्य आहे. चांगल्या शब्दसूचीवांचून मोठ्या ग्रंथाचा अभ्यास पांगळा राहतो हें सर्व जाणतात. पन्नास-पन्नास वर्षें चाललेल्या मासिकांच्या शब्दसूची मनुष्याच्या हातून होणें अशक्यप्राय होतें, तें आतां शक्य झालें आहे.

सारांश, आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. शब्दांचा आलेख हा पुरावा नव्हे. ती सूची आहे. सूचीवरून कोठें पाहावें हें कळतें, काय आहे हें कळत नाहीं. तथापि पुढील अटी पाळलेल्या असल्यास त्या आलेखास संशोधनांत मानाचें स्थान द्यावयास आम्ही तयार आहों. पहिली, कोणत्या संग्रहांतील कोणते खंड घेतले, कोणते अंक व कोणतीं पानें त्यांत नाहींत, हें सांगितलेलें असावें. दुसरी, यंत्रानें वाचलेल्या पाठांतील कांहीं पृष्ठें मुळाशीं ताडून चुकांचें प्रमाण नोंदलेलें असावें. तिसरी, मूळ लेखनाचा पाठ जसाच्या तसा राखून, मोजणीसाठीं अनुस्वारादि सारखे केलेला पाठ निराळा ठेवावा. चौथी, गाळलेल्या शब्दांची यादी आणि शब्द तोडण्याचा नियम छापावा. पांचवी, क्रमशः आलेल्या कादंबऱ्या, उद्धृत जुने कागद व जाहिराती यांची गणना वेगवेगळी करावी. सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, आलेखावरील प्रत्येक बिंदूवरून खंड, अंक व पृष्ठ यांपर्यंत वाचकास परत जातां यावें.

सहावी अट पुरी व्हावयाची तर पृष्ठ जिवंत असलें पाहिजे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, आणि एकंदर बावीस खंड काढले. तरी मूळ कागद छापून झाले म्हणून ते टाकून द्यावे असें कोणा संशोधकानें म्हटलें नाहीं. छापील मासिकांस तोच न्याय लागू आहे. यंत्राचा पाठ दर दहा वर्षांनीं सुधारेल व जुना पाठ त्याज्य ठरेल. प्रत्येक वेळीं नव्यानें वाचावयास मूळ अंकच लागेल. ज्या ग्रंथसंग्रहालयांनीं जुन्या मासिकांचीं प्रकाशचित्रें करून घेतलीं आहेत त्यांनीं मूळ अंक कपाटाबाहेर काढूं नयेत, आणि ज्यांनीं अद्याप घेतलीं नाहींत त्यांनीं अंकांचीं मुखपृष्ठें व जाहिराती यांसह तीं घ्यावीं, अशी आमची विनंति आहे.